लाल दोऱ्याच्या शेंगा

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही. आमचे हे म्हणतात, "झालं गेलं, आता किती दिवस तेच दळण दळणार आहेस?" दळणार. कोणीतरी दळायलाच हवं. जिच्यावर वेळ आली ती तर तोंडातून शब्द काढत नाही.

ती म्हणजे आमची शेजारीण. गल्लीत सगळे तिला धाकटी म्हणतात. त्या घरात ती धाकटी सून म्हणून आली, आणि तेव्हा जे नाव चिकटलं ते केस पांढरे झाले तरी सुटलं नाही. तिचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. मागे राहिले थोरले दीर आणि जाऊबाई. दिरांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेचे नव्हेत, कापडाचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. तिथे मास्तर कापतात आणि धाकटी शिवते. दाराजवळ, जिथे उघडझाप झाली की गार वारा थेट पाठीत घुसतो, तिथे तिचं मशीन. मशीन तिचं स्वतःचं, माहेरहून आणलेलं. पण दुकानात कोणी विचारलं तर मास्तर सांगणार, "घरचंच आहे."

हा शब्द लक्षात ठेवा. घरचंच. त्या घरात हा शब्द एकाच बाजूनं चालायचा. धाकटीचं मशीन घरचं, धाकटीचा रविवार घरचा, धाकटीच्या परसातली भाजी घरची. जाऊबाईंचा लोकरीचा कोट मात्र जाऊबाईंचा. एकदा कडाक्याच्या थंडीत धाकटीनं तो पाण्याला जाण्यापुरता अंगावर घेतला तर बाईसाहेब आठवडाभर तोंड फुगवून बसल्या होत्या. माझ्या तळपायाची आग तेव्हाच मस्तकात गेली होती, पण मी कोण बोलणारी? मी पडले इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी वाळवणारी बाई.

नवऱ्याच्या वाटणीतून धाकटीला दोन गोष्टी मिळाल्या. आमच्या भिंतीला लागून असलेली खोली, आणि खोलीमागची जमिनीची पट्टी. पट्टी कसली, एक मोठी सतरंजी अंथरली तर झाकली जाईल. पण दुपारभर ऊन तिथेच पडतं. माझ्या वाट्याच्या पट्टीवर पलीकडच्या इमारतीची सावली. तिथे पुदिना सोडून काही उगवायला तयार नाही. म्हणून मी कुंपणाला टेकून तिचं बघत आले.

आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे घाईतला पाहुणा. बूड टेकलं नाही तोच निघाला. बर्फ उतरून जमीन सुटायला उशीर, आणि पुन्हा गोठायची घाई. अध्येमध्ये जे काय पिकेल ते पिकेल. लोक मुळे लावतात, बटाटे लावतात आणि समाधान मानतात. धाकटी समाधान मानणाऱ्यांतली नाही, निदान परसात तरी नाही. बाहेर बर्फ असतानाच तिच्या खिडकीत फुटके कप आणि बुडाला भोकं पाडलेले डबे मांडलेले असायचे. रोपं उजेडाकडे झुकतात म्हणून रोज सकाळी एकेक डबा फिरवून ठेवायचा. दुकानातल्या काळ्या अस्तराचे तुकडे जोडून तिनं एक मोठी गोधडी केली होती, ती जमिनीवर पसरायची म्हणजे माती लवकर तापते. तापली का ते बघायला कोपर टेकवून बघायची, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं. दोन रोपांतलं अंतर टेपनं. वेल बांधायला सुतळी नाही, कापडाच्या किनारी. सुतळी कोवळा देठ कापते म्हणे. रात्री गारठा वाटला तर माझ्याकडून इस्पितळातल्या विटलेल्या चादरी मागून न्यायची आणि सगळ्या वाफ्यांवर पांघरूण घालायची. आमचे हे चिडवायचे, "वाटाण्याला थर्मामीटर लावला का गं?" ती हसायची. परसात ती हसायची, हे मुद्दाम सांगते.

आणि सगळ्यांत जीव कशात, तर घेवड्यात.

घेवडा आमच्याकडे होत नाही. म्हणजे बाजारातल्या पाकिटातलं बी पेरलं तर वेल येतो, फुलं येतात, चिमुकल्या शेंगा धरतात आणि एका पहाटे गवत पांढरं होतं. दुपारपर्यंत सगळा वेल काळा. धाकटीचाही तसाच जायचा. मग एका वर्षी एका वेलाला बाकीच्यांच्या आधी शेंगा आल्या. दुसरी कोणी असती तर आनंदानं तोडून भाजीला घातल्या असत्या. हिनं त्या खाल्ल्याच नाहीत. वेलावरच वाळू दिल्या आणि त्याचं बी ठेवलं. पुढच्या वर्षी त्यातून जो पहिला आला, त्याच्या पहिल्या शेंगा पुन्हा राखल्या. असं वर्षामागून वर्ष. आमच्याकडे हिवाळाभर साठवणीतले बटाटे आणि कांदे खाऊन जीव विटलेला असतो, पहिली हिरवी शेंग दिसली की तोंडाला पाणी सुटतं. ती पहिली शेंग न खाणं म्हणजे काय, ते आमच्यासारख्यांनाच कळेल. तिचा नेम एकच होता: पहिलं राखायचं, मागचं खायचं. त्या नेमानं तिनं असा घेवडा तयार केला की जो थंडीच्या आधी वेलावर खडखडीत वाळायचा. सगळ्या गल्लीत असा घेवडा कुणाकडे नव्हता, एकटा तिच्याकडे होता.

राखलेल्या शेंगांना ती लाल दोरा बांधायची.

आता ह्या लाल दोऱ्याचं सांगायला हवं, कारण घोटाळा तिथेच झाला. मास्तरांच्या दुकानात लाल दोऱ्याला कायद्याची किंमत. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करायला आली होती. मास्तरांनी ती केली आणि खुंटीला लावली. संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्यानं ती बघितली, त्याला वाटलं व्हायचीय, त्यानं पुन्हा आखूड केली. गिऱ्हाईक चांगलं उंच होतं. त्या पँटमध्ये ते गल्लीभर पोटऱ्या दाखवत फिरलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दुकानाचा पत्ता सांगत सुटलं. त्या दिवसापासून मास्तरांनी नियम केला: काम पुरं झालं की पहिल्या काजात लाल दोरा. दोरा बांधला की ते कापड 'दिलेलं'. दुकानात त्याला शब्दच तो. दिलेलं म्हटलं की त्याला सुई लागणार नाही, कात्री लागणार नाही, गिऱ्हाईक सहा महिन्यांनी येवो की वर्षानं, ज्याचं त्याच्याच हातात जाणार. मास्तर बाकी कसे का असेनात, ह्या नियमाला पक्के. त्यांची स्वतःची लेक एकदा खुंटीवरचा दोरा बांधलेला झगा नुसता अंगाला लावून बघत होती तर तिच्या हातावर त्यांनी फूटपट्टी मारली होती.

धाकटीनं तोच दोरा परसात आणला. मी एकदा विचारलं, "ह्या कोणाला दिलेल्या गं?"

"पुढच्या वर्षाला," ती म्हणाली.

गेल्या वर्षी काय झालं, रोपं बाहेर लावली आणि उशिराची एक गोठवणारी रात्र येऊन गेली. चादरी घातल्या होत्या, तरी रोपं गेली. सकाळी नुसता काळा चिखल. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. तिनं पदर खोचला, घरात गेली आणि बियांचा डबा घेऊन आली. तळाला मूठभर बी उरलं होतं. ते सगळं पेरलं. मी म्हटलं, "अगं, थोडं ठेव." ती म्हणाली, "ह्यात किडकं किती, चांगलं किती, मला कुठे ठाऊक. सगळं पेरलं तर दोन वेल तरी हाती लागतील." लागले तेवढेच. दोन वेल. डबा रिकामा. आता त्या वेलांवर जे येईल तेच बी, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत खलास. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मास्तरांच्या घरी कोणाला माहीत नव्हतं, कारण त्या घरात धाकटीला कोणी काही विचारायची पद्धतच नव्हती.

वेलांनी लाज राखली. उशिरा लावूनही पहिल्या शेंगा वेळेत धरल्या. तिनं एकेकीला लाल दोरा बांधला. उन्हाळा सरत आला तेव्हा शेंगा पिवळसर व्हायला लागल्या होत्या, आतलं बी फुगलेलं बाहेरून बोटाला लागत होतं. अजून थोडं ऊन मिळालं की काम झालं.

आणि मास्तरांकडे व्याही जेवायला येणार असं ठरलं.

त्या दिवशी मी कामावर. धाकटी दुकानात, शाळेच्या गणवेशांच्या कॉलरींच्या ढिगाऱ्यात बुडालेली. मास्तरांनीच सकाळी ढीग पुढ्यात टाकला होता. मी घरी आले तर आमचे हे ओट्यावर बसून सांगतात, "मास्तर आले होते परसात. पिशवी भरून भाजी नेली. मला हातही केला."

"काय नेलं?"

"शेंगा असाव्यात."

"अहो, आणि तुम्ही बघत बसलात?"

"मी काय करणार? घरचेच ना ते."

बघा. तो शब्द कुंपण ओलांडून आमच्याही घरात शिरला होता. मी तशीच मागे गेले. दोन्ही वेल उभे होते, पाला जागच्या जागी, गाजरं, कोबी, काही हललेलं नव्हतं. लाल दोऱ्याच्या शेंगा तेवढ्या नव्हत्या. बिनदोऱ्याच्या कोवळ्या, हिरव्या, भाजीच्या शेंगा तशाच लोंबत होत्या. त्यांना हातसुद्धा लावला नव्हता.

धाकटी आली, तिनं बघितलं. मला वाटलं आता रडेल. ती वाकली, वेल हातात घेतला आणि म्हणाली, "देठ कात्रीनं कापलेत. ओढलं नाही कुठे." इतक्या वर्षांत मास्तरांच्या हातातली सफाई कुठे जाणार, ती चोरी करतानाही सुटली नाही. हो, मी चोरीच म्हणते. आमचे हे म्हणतात तो शब्द जड आहे. असू दे जड.

"चल," मी म्हटलं. ती नको म्हणत होती, पाहुणे असतील म्हणाली. मी तिचा दंड धरला.

पाहुण्यांची जेवणं होत आली होती. जाऊबाईंनी आम्हाला दारात बघितलं, आणि आम्ही तोंड उघडायच्या आधीच त्यांनी उघडलं. "बरं झालं आलीस. काय गं तुझ्या शेंगा, धाकटे? निबर निघाल्या सगळ्या. दोरच दोर. चार मोडल्या, चार शिजवून बघितल्या, दाताखाली तुटेनात. पाहुण्यांपुढे मान खाली घालायची पाळी आली माझ्यावर. शेवटी टाकून दिल्या."

ऐकलंत? चोर तो चोर, वर शिरजोर. जिच्या परसातून न विचारता नेल्या तिलाच दारात उभं करून सुनावतात की तुझा माल खराब होता. मी काही बोलणार तोच मास्तर आतून आले, पुसलेला हात पुन्हा पुसत. "अगं, तूच दोरा बांधून ठेवला होतास ना? मला वाटलं आमच्यासाठी खूण केलीस. लाल दोरा म्हणजे तयार. म्हणून त्याच घेतल्या, बाकीच्यांना हात लावला नाही." आणि हे त्यांनी अशा तोऱ्यात सांगितलं की जणू हिच्यावर उपकारच केले.

मला माहीत आहे, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं. म्हणूनच जास्त संताप येतो. एवढ्या वर्षांत त्यांच्या मनात एकदाही आलं नाही की धाकटीचं काही 'दिलेलं' असेल तर ते दुसऱ्या कोणाला असू शकतं.

"कुठे टाकल्या?" धाकटीनं विचारलं. तिचा आवाज दुकानात विचारते तसाच, बटणं कुठली लावायची असं विचारावं तसा.

मागच्या अंगणात कचऱ्याचं पिंप होतं. ती गुडघ्यावर बसली आणि हात आत घातला. कांद्याची सालं, चहाचा चोथा, उष्टं. त्यातून एकेक शेंग काढून पदरात घ्यायला लागली. काही मोडलेल्या, काही शिजून लिबलिबीत झालेल्या, काही सबंध, दोरा तसाच बांधलेला. व्याही खिडकीत येऊन उभे राहिले. जाऊबाई तोंडाला पदर लावून पुटपुटायला लागल्या. मीही बसले आणि हात घातला. इस्पितळातले कपडे हाताळून मला कसली घाण वाटत नाही, पण त्या घराची वाटली.

"धाकटे, ऊठ," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "पाहुणे बघतायत. शेंगाच तर होत्या. बाजारात बी मिळतं, मी पाकीट आणून देतो."

"ते आपल्याकडे होत नाही, भाऊजी."

"मग दुसरं काही लाव. एवढं काय त्यात?"

तिनं वर बघितलं. "भाऊजी, दुकानात दिलेलं म्हणजे काय?"

"म्हणजे तयार झालेलं."

"तयार झालेलं आपण घरी नेतो का?"

मास्तरांच्या तोंडून तेच आलं, जे नेहमी यायचं. "अगं, ती गोष्ट वेगळी. ते गिऱ्हाइकाचं असतं. हे घरचंच आहे."

ती उठली. पदर गच्च धरला आणि निघाली. घरी आल्यावर तिनं त्या शेंगा पाण्यातून काढल्या आणि शेगडीच्या वर दोरीवर वाळत लावल्या. शिजलेल्या फेकल्या. मग म्हणाली, "तुमच्या इस्पितळातली कपड्यांची ढकलगाडी सकाळी मिळेल का?"

मी म्हटलं, "मिळेल की." कशाला ते मी विचारलं नाही, आणि मी न विचारणं म्हणजे काय ते आमच्या ह्यांना विचारा.

सकाळी गाडी घेऊन मी दुकानाच्या दारात उभी. आत दोन गिऱ्हाइकं, मास्तर फळीवर कापड आखत होते. धाकटीनं कोट काढला नाही. मशीनवरच्या अर्ध्या कॉलरी तिनं पुऱ्या केल्या, घडी घालून मास्तरांच्या बाजूला ठेवल्या. तेल घातलं, पुसलं. मग लाल दोऱ्याचं रीळ घेतलं आणि मशीनच्या चाकाला दोरा बांधला. दोन गाठी.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"दिलेलं."

"कोणाला?"

"गिऱ्हाईक आलंय."

मास्तरांनी दाराकडे बघितलं. दारात मी. "ही?"

"ही नाही," धाकटी म्हणाली. "मी."

मास्तर फळीमागून बाहेर आले. चेहरा लालबुंद. "ते मशीन इथून हलणार नाही, धाकटे. घरचंच..." असं म्हणत त्यांनी चाकाकडे हात घातला. आणि तो हात दोऱ्यापाशी येऊन थांबला. गिऱ्हाइकं बघत होती म्हणून थांबला असेल. पण मला वाटतं गिऱ्हाइकं नसती तरी थांबला असता. आयुष्यभर ज्याला हात लावला नाही, दुसऱ्याला लावू दिला नाही, त्याला आता त्यांचा हात लागेना. बोटं तशीच हवेत राहिली. मग त्यांनी तो हात मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

मी एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या. मशीन गाडीवर चढवून आम्ही घरी आणलं. आता ते तिच्या खिडकीत आहे, रोपांच्या डब्यांच्या शेजारी. पाठीत वारा येत नाही.

त्या शेंगांतलं बरंचसं बी सुरकुतलं, रुजलंच नाही. पण थोडं रुजलं, आणि ह्या उन्हाळ्यात पुन्हा वेल चढले. धाकटीनं ह्या वर्षी नेम बदलला. पहिल्या शेंगेला दोरा, दुसरीला दोरा, मागून आलेल्यांनाही दोरा.

परवा जाऊबाई आल्या, टोपली घेऊन. इतक्या महिन्यांनी, जणू काही झालंच नाही. म्हणाल्या, "लेक आलीय माहेरी, तिला घरचा घेवडा आवडतो." धाकटी मशीनवर बसून कोणाची तरी बाही लावत होती. तिनं टीप थांबवली नाही, नुसतं परसाकडे बोट दाखवलं. जाऊबाई मागे गेल्या. मी माझ्या कुंपणाशी उभीच होते. त्यांनी एक वेल उलटापालटा केला, मग दुसरा. जिकडे हात घालावा तिकडे लाल दोरा.

"सगळंच?" त्यांनी तिथून ओरडून विचारलं.

"सगळंच," आतून धाकटी म्हणाली.

जाऊबाई माझ्यासमोरून परत गेल्या. मी मुद्दाम वाकून टोपलीत बघितलं, ती रिकामी होती.